प्रॉमक्यूएल, फ्लक्स की साधं एसक्यूएल?

सर्व्हरचे आकडे, वीजमीटरची नोंद, सेन्सरचं तापमान असा वेळेबरोबर साठत जाणारा डेटा असेल, तर आधी डेटाबेस निवडला जातो आणि क्वेरीची भाषा, म्हणजे डेटाला प्रश्न विचारायची भाषा, गळ्यात पडते. मी उलटं करायला सांगेन: या तिघींतली भाषा आधी निवडा.

फ्लक्सचं आधी उरकतो. इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसची, एकामागून एक पायऱ्या पाइपने जोडत लिहायची ही भाषा दिसायला सुरेख आहे, पण नव्याने शिकू नका. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ती नाहीच. तिथे एसक्यूएल आणि जुनी इन्फ्लक्सक्यूएल चालते.

खरी लढत प्रॉमक्यूएल आणि एसक्यूएल यांच्यात आहे. प्रॉमिथियस 2012 मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालं, सर्व्हरवर नजर ठेवायला, आणि त्याच्या भाषेचा, प्रॉमक्यूएलचा, जीवही त्यातच आहे. समजा काउंटर (फक्त वाढत जाणारा आणि रीस्टार्टला शून्यावर येणारा आकडा) 980, 995, 10, 25 असा आला, म्हणजे मध्ये सर्व्हिस रीस्टार्ट झाली. प्रॉमक्यूएलचं 'इन्क्रीज' ही घसरण ओळखतं आणि 15, 10, 15 अशी बेरीज धरतं. एसक्यूएलमध्ये हेच करायला 'लॅग' लावून मागच्या नोंदीचा आकडा आणा, मग 'केस'ने घसरण तपासा. आठ-दहा ओळी सहज होतात. पण गंमत अशी की प्रॉमक्यूएल निवडलेल्या कालावधीच्या दोन्ही कडांपर्यंत अंदाज ताणतं, त्यामुळे उत्तर 40 न येता अपूर्णांकात येऊ शकतं. अलर्टला (धोक्याच्या सूचनेला) हे चालतं, बिलाला नाही. अचूक बिलिंगसाठी प्रॉमिथियस वापरू नका, असं त्याच्या दस्तऐवजातच लिहिलंय.

दुसरी मेख आपल्या साडेपाच तासांची. दिवसागणिक बेरीज यूटीसीने (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेने) केली, तर तुमचा 'दिवस' पहाटे साडेपाचला सुरू होतो. सोसायटीच्या पंपाची रोजची वीज मोजताना आकडे दिसतात बरोबर, असतात चुकीचे. एसक्यूएलवर चालणाऱ्या टाइमस्केलडीबी डेटाबेसच्या 'टाइम_बकेट' या नोंदी ठरावीक वेळेच्या गटांत वाटणाऱ्या फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून 'एशिया/कोलकाता' दिला की काम झालं (कॉलम टाइमझोनसह हवा). इन्फ्लक्सक्यूएलमध्ये शेवटी 'टीझेड' जोडायचं. प्रॉमक्यूएलला टाइमझोन कळतच नाही. क्वेरी नेमकी 18:30 यूटीसीला चालवून मागचे 24 तास घ्यायचे, म्हणजे जुगाडच.

शिवाय जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं. कोणता मीटर कोणत्या फ्लॅटचा, ही माहिती दुसऱ्या टेबलात असते. पोस्टग्रेस या नेहमीच्या एसक्यूएल डेटाबेसवर बसणाऱ्या टाइमस्केलडीबीत ती नेहमीसारखी जोडता येते. प्रॉमक्यूएलमध्ये लेबलं (आकड्याला लावलेल्या नाव-चिठ्ठ्या) जुळवत 'ग्रुप_लेफ्ट'शी झटापट करावी लागते. मधल्या गाळलेल्या नोंदी भरायलाही टाइमस्केलमध्ये 'टाइम_बकेट_गॅपफिल' आहे.

कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर कंटेनर सांभाळणारी प्रणाली) चालवत असाल तर प्रॉमक्यूएल शिकाच, तिथे तयार डॅशबोर्ड आणि अलर्ट त्यातच मिळतात. मीटर, सेन्सर, व्यवहार असेल तर एसक्यूएल. टीममधल्या निम्म्या लोकांना ते आधीच येतं. दोन्ही लागलं तरी ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनात एकाच डॅशबोर्डवर शेजारी-शेजारी पॅनेल लावता येतात. फक्त सेटिंग न बदलल्यास प्रॉमिथियस 15 दिवसांचाच डेटा ठेवतं, तेवढी सेटिंग पहिल्याच दिवशी बघून घ्या.