६० गुण, पिवळा पट्टा आणि रात्री नऊची गोळी

हृदयाची ताकद कमी झाल्यामुळे पायांवर सूज आली आणि चार पावले चालताच धाप लागू लागली, म्हणून माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांना गेल्या महिन्यात पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात सहा दिवस ठेवावे लागले. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण जे घडले ते फक्त तिथेच घडत असेल असे मला वाटत नाही. स्वच्छता, जेवण आणि डॉक्टरांची वागणूक यांबद्दल तक्रार करण्यासारखे काहीच नव्हते, त्यामुळे तिथे वेळ न दवडता तिसऱ्या रात्री वडील पडले त्याविषयीच लिहिते.

रुग्ण पडू नये यासाठी हे रुग्णालय जे करते ते डोळ्यांना सुखावणारे आहे. भरती होताच सिस्टरने एक छापील तक्ता भरला. परिचारिका-संशोधक जॅनिस मॉर्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली पडण्याच्या धोक्याची ही मोजपट्टी बऱ्याच रुग्णालयांत वापरतात. एकाहून अधिक आजार, त्याचे १५; हाताला सलाईनची सुई, तिचे २०; काठी घेऊन चालतात, त्याचे १५; चाल अशक्त, त्याचे १०. एकूण ६० म्हणजे धोका जास्त, कारण ४५ च्या पुढे सहसा तसेच धरतात. लगेच मनगटावर पिवळा पट्टा आला, खाटेचे कठडे वर झाले, उशाशी बेल आली आणि ‘आजोबा, काही लागलं तर बेल वाजवा, एकटे उठू नका’ हे वाक्य दर पाळीच्या सिस्टरने न कंटाळता सांगितले. माझीही एका कागदावर सही घेतली.

या तक्त्यात सहा प्रश्न आहेत आणि त्यांतला एकही रुग्ण कोणती औषधे घेतो हे विचारत नाही. वडिलांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आधीपासून चालू होते. सूज उतरावी म्हणून आल्यापासून फ्युरोसेमाइड, म्हणजे आपण जिला लघवीची गोळी म्हणतो ते औषध, आधी इंजेक्शनने आणि तिसऱ्या दिवसापासून तोंडाने सुरू झाले. त्याच संध्याकाळी ‘दोन रात्री झोप नाही’ अशी तक्रार मीच केली आणि ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. तक्त्यावरचे गुण मात्र ६० चे ६० च राहिले.

चार्टवर फ्युरोसेमाइडपुढे ‘दिवसातून दोनदा’ एवढेच लिहिलेले होते आणि वॉर्डात दोनदा याचा अर्थ सकाळी नऊ आणि रात्री नऊ असा ठरलेला आहे. ही गोळी तासाभरात काम सुरू करते आणि पुढचे सहा-आठ तास करत राहते. म्हणजे रात्री नऊला एकाच छोट्या प्लास्टिकच्या वाटीतून झोप आणणारी, वारंवार लघवीला उठवणारी आणि उभे राहताच रक्तदाब उतरवू शकणारी अशा तीन गोळ्या माझ्या समोर वडिलांच्या तळहातावर पडल्या आणि मी पाण्याचा पेला पुढे केला.

अडीचच्या सुमारास धप्प आवाज झाला. कठडा वरच होता. पायथ्याशी तो जिथे संपतो तिथून ते घसरून उतरले होते. लघवीसाठी बेल वाजवून परक्या मुलीला बोलावणे त्यांच्या पिढीला जमत नाही, आणि अर्धवट झापडेत बेलची आठवण तरी कशी राहावी? कपाळाला चार टाके पडले. ते क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषधही घेत असल्याने डोक्यात रक्तस्राव झाला असेल या भीतीने सीटी स्कॅन झाला. तो सुदैवाने स्वच्छ आला.

या सेवेला मी पाचपैकी तीन तारे देते. त्यांतला एक पूर्णपणे दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे रुग्णाची औषधे तपासणाऱ्या, बाईंचा आहे. त्यांनी आधी वडिलांचा रक्तदाब आडवे असताना घेतला, मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतला. वरचा आकडा १२८ वरून १०२ वर आला होता. २० किंवा त्याहून जास्त उतरला तर तो दोष मानतात, असे त्यांनी समजावले. अल्प्राझोलामच्या वर्गातल्या झोपेच्या गोळ्या वृद्धांना शक्यतो देऊ नयेत असे अमेरिकेतील बिअर्स निकषांत, म्हणजे वृद्धांसाठी टाळायच्या औषधांच्या यादीत, २०१२ पासून सांगितले जाते, कारण वयानुसार त्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, हेही त्यांच्याकडूनच कळले. डॉक्टरांशी बोलून त्यांनी अल्प्राझोलाम बंद करवले आणि फ्युरोसेमाइडचा दुसरा डोस दुपारी चारवर आणला. नवे औषध एकही आले नाही, खर्च शून्य, आणि त्या रात्री वडील एकदाच उठले, तेही वॉर्डबॉय मामांचा हात धरून. हे बदल सुचवणारी व्यक्ती इमारतीत पहिल्या दिवसापासून होती. फक्त तिला बोलावण्यासाठी आधी कोणीतरी पडावे लागते, अशी तिथली पद्धत आहे. दोन तारे मी त्यासाठी कापले. टाके आणि स्कॅनचे पैसे बिलात लावले होते, ते लेखी अर्जानंतर वजा झाले, हे नोंदवायला हवे.

इथे कोणाला भरती करायचे असेल, तर रात्रीच्या गोळ्यांची वाटी हातात आल्यावर तिच्यात आज नवीन काय आहे आणि लघवीची गोळी दुपारी देता येईल का, एवढे सिस्टरला विचारा. त्या विचारून सांगतात. घरी जाताना कागदही वाचा. आमच्या डिस्चार्जच्या यादीत अल्प्राझोलाम संगणकाने जसेच्या तसे पुन्हा छापले होते, आणि फार्मासिस्ट बाईंनी ते पेनाने खोडून बाजूला सही केली.