साताऱ्याचा एक पावसाळा आणि माझ्या तीन एअर रायफली

माझ्याकडे सध्या तीन एअर रायफली आहेत, तिन्ही ४.५ मिमी नळीच्या. एक जुनी जर्मन डायना ३५, एक भारतीय बनावटीची स्प्रिंगवाली आणि एक पीसीपी, म्हणजे टाकीत आधी हवा भरून ठेवायची. उन्हाळ्यात कुठलीही रायफल चांगलीच वाटते. साताऱ्यात तिची परीक्षा जूनपासून सुरू होते, म्हणून पावसाळा आणि थंडी सरल्यावरच लिहायला बसलो.

डायना माझी सगळ्यात लाडकी. तिच्या पिस्टनचा वायसर कातडी आहे. तो सुकला की जोर उतरतो, पण तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त गेलं तर दाबाखाली तेल पेटतं, नळीतून धूर येतो, आवाज मोठा होतो आणि छर्रा भलतीकडेच जातो. धरण्याचंही तंत्र आहे. आवळून धरली की छर्रे पसरतात. डावा तळहात नुसता खाली ठेवायचा, दस्ता खांद्याला टेकवायचा आणि तिला तिचा झटका घेऊ द्यायचा. हे जमलं की १० मीटरवर एकाच भोकाच्या आसपास छर्रे बसू लागतात. तो आनंद मला अजून दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

भारतीय रायफल दणकट आहे, पण ट्रिगर जड. दस्त्याचे स्क्रू सारखे ढिले होतात आणि नेम सरकतो. श्रावणात तिच्या नळीवर बारीक गंज दिसला, नेमका बॅगेच्या फोमला टेकलेल्या बाजूला. फोम ओल धरून ठेवतो. आता पावसाळ्यात तिन्ही रायफली कपाटात, तेलाचं फडकं फिरवून, उघड्याच ठेवतो.

पीसीपीला झटका जवळजवळ नाही, त्यामुळे नेम सर्वांत सोपा. मात्र हातपंपाने २०० बार दाबापर्यंत भरताना घाम निघतो, आणि दमट हवेतलं पाणीही टाकीत जायची भीती असते. मी उघडीप पाहून, पंप मधेमधे गार होऊ देत भरतो.

जाहिरातीतल्या वेगाला भुलू नका. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरने गेला तर साधारण ८ ज्यूल होतात, आणि कागदाला तेवढे भरपूर झाले. १० मीटरच्या टारगेटवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे जोर नाही, स्थिर हात लागतो. छर्रे चपट्या डोक्याचेच घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. ते शिशाचे असतात, म्हणून नंतर हात धुवायचे.

२०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने कांस्य मिळवल्यापासून गल्लीतली पोरं रायफली बघायला येतात. त्याचा प्रकार ५० मीटरचा, त्याची रायफल .२२ ची, म्हणजे बारुदाच्या काडतुसाची, तिला परवाना लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला तो लागत नाही. पण तेवढ्यामुळे ती खेळणं ठरत नाही. पोरांना मी आधी मागची वाळूची गोणी दाखवतो, मग रायफल. पाखरांवर नेम धरणाऱ्याला परत हात लावू देत नाही.

पहिली घेणार असाल तर स्प्रिंगचीच घ्या, धरण्यातली चूक ती लगेच दाखवते. जुनी बघायला गेलात तर छर्रा घालूनच चालवून बघा. रिकामी सोडली की पिस्टन थेट आदळतो, त्यात वायसरही जातो आणि स्प्रिंगही.