कराडची परराष्ट्र धोरण कार्यशाळा: खात्रीला आकडा लावायची सवय

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी कराडमध्ये भरणारी ही दोन रविवारांची कार्यशाळा जरूर करावी. उणिवा आहेत, त्या पुढे येतीलच.

इथे परराष्ट्र धोरणाचे जुने निर्णय एकेक करून सोडवायचे असतात. निर्णयाच्या आदल्या दिवशी सरकारच्या हाती असलेली माहिती एका पानावर मिळते. तो निर्णय यशस्वी होण्याची शक्यता किती, हा आपला अंदाज टक्क्यांत लिहून कागद उलटा ठेवायचा आणि मगच चर्चा. हा क्रम फार मोलाचा. आधी चर्चा झाली की ठाम बोलणाऱ्याच्या आकड्याभोवती सगळे गोळा होतात. मंत्र्यांच्या बैठकीतही हेच घडतं.

गुण ब्रायर पद्धतीने. घडलं तर 1, नाही तर 0. त्यातून आपली शक्यता वजा करून फरकाचा वर्ग काढायचा. जितका कमी तितकं चांगलं. दहा प्रश्नांवर दर वेळी 90 टक्के खात्री दाखवली आणि सहाच अंदाज बरोबर निघाले, तर सरासरी 0.33. तेवढेच सहा बरोबर, पण 60 टक्के म्हटलं असेल तर 0.24. सगळीकडे नुसतं 50 लिहिलं तरी 0.25! फाजील खात्री नाणेफेकीपेक्षा महाग पडते, हे वहीतल्या बेरजेतच दिसतं.

शब्दांऐवजी आकडे का, हे क्यूबाच्या पानावर कळतं. 1961 मध्ये क्यूबातून परागंदा झालेल्यांना अमेरिकेच्या मदतीने तिथे उतरवायचं ठरलं; त्या स्वारीच्या योजनेला अमेरिकी सेनाप्रमुखांनी ‘बऱ्यापैकी संधी’ आहे असं लिहिलं. लिहिणाऱ्याच्या मनात 30 टक्के होते, वाचणाऱ्यांनी त्याचा होकार केला. 17 एप्रिलला सुमारे 1,400 जण उतरले आणि तीन दिवसांत मोहीम कोसळली.

सगळ्यात कसदार पान 1962 चं. नोव्हेंबर 1961 मध्ये भारताने चीनच्या सीमेवर पुढे चौक्या टाकायचं ठरवलं, ते चीन बळ वापरणार नाही या गृहीतकावर. चौक्यांच्या पाठीशी मोठे तळ उभारणं हाही त्याच निर्णयाचा भाग होता; तोच मागे पडला. गृहीतक चुकलं तर सावरणारी गोष्ट आधी गळते, कारण खात्री असलेल्याला ती अनावश्यक खर्च वाटते. 20 ऑक्टोबरला हल्ला झाला, आणि पुढच्याच महिन्यात संरक्षण खातं कराडच्या यशवंतरावांकडे आलं. कराडात बसून हे पान सोडवताना मुलं खरोखर गुंततात.

मुख्य दोष प्रकरणांच्या निवडीत आहे. सगळी प्रकरणं अपयशाची, म्हणून दुसऱ्या रविवारपर्यंत मुलं डोळे झाकून 20 टक्के लिहायला लागतात. हा अंदाज नव्हे, सावध दिसण्याची युक्ती झाली. शिवाय 1962 चा निकाल सगळ्यांना पाठ. देशांची नावं झाकून भागत नाही.

पुढच्या तुकडीसाठी यशाचं प्रकरण म्हणून 1971 चं बांगलादेश युद्ध घ्यावं: एप्रिलमध्ये घाई टाळली, ऑगस्टमध्ये सोव्हिएत करार झाला, डिसेंबरमध्ये युद्ध जिंकलं. आणि निम्मे प्रश्न येत्या तीन महिन्यांत निकाल लागेल असे, तारीख घालून पाकिटात बंद करून ठेवावेत.