आंजर्ल्याचं घर विकताना: एका एजंटबरोबरचे नऊ महिने

कोकणात दापोलीजवळच्या आंजर्ल्यात आमचं चिऱ्याचं कौलारू घर आणि मागे 14 गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी. आम्ही भावंडं डोंबिवलीत, गावी कायमचं कुणी नाही. शेवटी विकायचं ठरलं.

आधी ज्या एजंटकडे गेलो, त्याने घर न बघताच फोनवर 80 लाख सांगितले. आम्ही हुरळलो आणि सहा महिने दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही असं लिहून दिलं. त्याने पुण्याचं गिऱ्हाईक आणलं, टोकनही झालं. मग कळलं, त्यांच्या नावावर कुठेच शेती नाही. आमची वाडी सातबाऱ्यावर शेतजमीन, आणि 1948च्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय विकता येत नाही. टोकन परत केलं. हे पहिल्या दिवशी विचारायला काय हरकत होती?

मग ऑक्टोबरात दापोलीचे हे एजंट भेटले. भाव विचारला तर म्हणाले, "ताई, सातबारा आणि घरपट्टीचा उतारा काढून ठेवा. घर बघतो, मग बोलू." टाळताहेत असं वाटलं तेव्हा.

आले ते चपला पडवीत काढून थेट माजघरात. खिशातल्या किल्लीने एक वासा टोचला, तर भुसा खाली सांडला. "वाळवी आहे. गिऱ्हाइकाला हे मीच आधी सांगणार, म्हणजे मागाहून घासाघीस नको." मागचे पत्रे पाहून लगेच ओळखलं, की 2020च्या निसर्ग वादळात कौलं गेली असणार. वाडीत जाऊन उरलेले माड स्वतः मोजले.

मग ओटीवर बसून सातबारा वाचला. बोट 'इतर हक्क' या रकान्यावर थांबलं. तिथे आमच्या दोन आत्यांची नावं.

"आत्यांशी बोललात?"

नव्हतो बोललो. सह्या देतील, असं गृहीत धरलं होतं. "कागद घेऊन जाऊ नका, नुसतं विचारायला जा," म्हणाले. गेलो. थोरल्या आत्याने स्वच्छ सांगितलं, मला माझा हिस्सा हवा. तो तिचा हक्कच होता. चौघांत वाटणी ठरायला दीड महिना लागला, पण त्यानंतर घरात कटुता उरली नाही. माझा विश्वास बसला तो या एका प्रश्नामुळे.

भावाचं म्हणाल, तर त्यांनी आसपासच्या नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले खरेदीचे उतारे, काढून आणले होते. कुठली जागा रस्त्याला लागून, कुठली आत, सगळं समोर मांडलं. 80 लाखांच्या जवळपासही काही नव्हतं. त्यांनी 58 ते 62 सांगितले, सौदा 60 ला झाला, सगळी रक्कम बँकेतून. घर भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत, म्हणजे सीआरझेडचे, किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे, नियम आले. रिसॉर्ट बांधायच्या हिशेबाने विचारणाऱ्यांना त्यांनी हे फोनवरच सांगून टाकलं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडून आधी त्याचा स्वतःचा सातबारा मागवला.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. दिवसा फोन उचलत नाहीत. त्यांनी काढलेले फोटो इतके काळोखे होते, की भावाने जाऊन पुन्हा काढले. दलाली दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेतात. आधीच सांगितलं होतं हे खरं, तरी विकणाऱ्याचा माणूस फक्त विकणाऱ्याचाच असावा असं मला वाटतं.

मे महिन्यात साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं. मसुदा वाचताना त्यांनी वकिलांना मध्येच थांबवलं आणि मला विचारलं, "यंदाचा गणपती घरातच आणायचा असेल ना?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी ताब्याची तारीख विसर्जनानंतरची घालून घेतली. थोरली आत्या आता 20 वर्षांनी गणपतीला आंजर्ल्याला येणार आहे.