हॅरलसन सफरचंद : काढणीपासून हिवाळाभर साठवणीचा अनुभव

थंडी सोसणं आणि टिकणं, या दोन बाबतींत हॅरलसनला पैकीच्या पैकी गुण. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने १९२२ मध्ये ही जात आणली. तिथल्या उणे ३५ अंशांच्या आसपासच्या थंडीतही झाड तगतं. फळ मात्र झाडावरून काढून लगेच खाल्लं तर चांगलंच आंबट. गोड सफरचंद हवं असेल तर दुसरी जात बघा.

खरी कटकट वर्षाआड फळण्याची. झाड लहान वयात फळं धरतं, भरमसाट धरतं आणि पुढच्या वर्षी हात वर करतं. कारण पुढच्या हंगामाच्या फुलकळ्या यंदाची फळं लहान असतानाच घडू लागतात आणि या फळांच्या बियांतलं जिबरेलिन हे संप्रेरक त्या कळ्यांना घडू देत नाही. म्हणून विरळणी, म्हणजे जादा फळं तोडणं, फळं सुपारीएवढी होण्याआधी, पूर्ण बहरानंतर फार तर सहा आठवड्यांत उरकायची. घोसात एकच फळ, दोन फळांत १५ ते २० सेंमी अंतर. मधलं फळ सहसा सर्वांत मोठं असतं, ते ठेवा. उशीर झाला तर यंदाची फळं थोडी पोसतात इतकंच, पुढचं वर्ष जवळपास कोरडं जातं. घरच्या दोन झाडांवर हे हाताने जमतं. मोठ्या बागेत मात्र या मजुरीचा हिशेब लागवडीआधीच मांडावा.

मिनेसोटात काढणी सप्टेंबरअखेरीपासून. लालीवर जाऊ नका, ती आधीच चढते. लालीखालचा हिरवा रंग पिवळसर व्हायला हवा. शंका असल्यास फळ आडवं कापून आयोडीन लावा : गाभा पांढरा राहून बाहेरचा गर काळानिळा झाला तर फळ साठवणीजोगं. सगळंच काळं झालं तर कच्चं.

० ते १ अंश तापमान आणि ९० टक्क्यांवर आर्द्रता मिळाली तर चार-पाच महिने टिकतं, आणि आम्लता उतरल्यामुळे चव उलट सुधारते. घरच्या फ्रिजमध्ये हवा कोरडी, साल सुरकुतते; भोकं पाडलेली प्लास्टिक पिशवी वापरा. देठ उपटलेली, खरचटलेली फळं आधी संपवा.

कलम घेताना खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलंय ते, कोणता हे विचारा. वरची जात काटक असली तरी मुळं खुंटाची असतात. बुडागोव्स्की ९ हा खुंट थंडीला चांगला, पण झाडाला कायमचा आधार द्यावा लागतो. परागीभवनासाठी जवळपास दुसरी जात हवीच. हॅरलरेड चालत नाही, ते हॅरलसनचंच जास्त लाल रूप आहे.