हयातीचा दाखला घरबसल्या : ‘जीवन प्रमाण’ सेवेचा अनुभव

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. वयाची ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ साली सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ सेवेत आरंभी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळे टिपणारे यंत्र लागत असे आणि उतारवयात झिजलेले ठसे अनेकदा जुळत नसत. २०२१ साली चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, तेव्हापासून साध्या स्मार्टफोनवरही दाखला निघतो.

नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या वस्तीत निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. ज्यांनी हा दाखला स्वतःच्या हाताने काढला, ते सेवेची मनापासून तारीफ करतात. ज्यांना तो मुलाने किंवा नातवाने काढून दिला, ते मात्र ‘झाला म्हणतात, पण खरेच झाला का?’ म्हणत बँकेत जाऊन खात्री करून घेतात. सेवा एकच असूनही विश्वासात एवढे अंतर पडते, ते वयामुळे नव्हे, तर पडद्यावर काय घडले हे उमगले की नाही, यामुळे.

अडचण सुरुवातीलाच येते. ‘जीवन प्रमाण’बरोबर चेहऱ्यावरून ओळख पटवणारे ‘आधार फेस आरडी’ हेही अ‍ॅप घ्यावे लागते. पण ते पार्श्वभूमीत चालत असल्याने पडद्यावर त्याचे चिन्ह दिसत नाही आणि नवखा माणूस ते आलेच नाही असे समजून पुन्हा पुन्हा शोधत बसतो. पुढे आधी फोन हाताळणाऱ्याची आणि मग निवृत्तिवेतनधारकाची ओळख पटवायची असते. दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या असल्या की हा क्रम कोड्यात टाकतो. हे कुणी शेजारी बसून एकदा समजावले, खिडकीकडे तोंड करून चष्मा काढायला आणि सांगितल्यावर पापणी मिटायला शिकवले, की काम काही मिनिटांत होते. मोबाइलवर संदेशाने येणारा प्रमाण क्रमांक मात्र जपून ठेवावा, कारण त्यावरून दाखला संकेतस्थळावर केव्हाही पाहता येतो.

‘दाखला अद्ययावत करून देतो’ अशी बतावणी करून ओटीपी मागणारे ठकही असतात, म्हणून ज्येष्ठांच्या संशयाला हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ओटीपी कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे ज्याला कळते तोच निर्धास्तपणे फोन हाती घेतो.

सेवा उत्तम आहे आणि मी ती आग्रहाने सुचवीन. घरातल्या तरुणांना विनंती एवढीच, की यंदा फोन आजोबांच्याच हाती राहू द्यावा.