घरच्या वर्कशॉपसाठी यांत्रिक कानस: ग्राइंडर, बेल्ट फाइल की डाय ग्राइंडर?

दुकानदार आधी बजेट विचारतो. मी आधी जॉब, म्हणजे ज्या तुकड्यावर काम करायचं तो, बघायला मागतो. धातू बाहेरच्या कडेवरून काढायचा आहे, आतल्या चौकटीतून की भोकातून, एवढं कळलं की निम्मी निवड तिथेच होते. हे न बघता घेतलेलं मशीन कितीही भारी असलं तरी दुसऱ्या महिन्यात फळीवर जाऊन बसतं, असं मी बऱ्याच घरी पाहिलं आहे.

तुलना एकाच कामावर करू, म्हणजे फरक नीट दिसेल. 6 मिमी जाड एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पट्टीत कुलपासाठी 25 बाय 80 मिमीची चौकोनी खिडकी पाडायची आहे. कडेकडेने ड्रिलने भोकं पाडली, मधल्या भिंती छिन्नीने तोडल्या, तुकडा बाहेर आला. आता चारही बाजूंना करवतीसारखे दाते उरले आहेत. हातकानशीने ते रेषेपर्यंत आणायला मला अख्खी दुपार लागते आणि दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो.

घरात 100 मिमीचा ग्राइंडर बहुधा आधीपासून असतो. त्याला 80 नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्या एकावर एक चिकटवलेली चकती) लावली की बाहेरच्या कडा, कापलेल्या चौकोनी पाइपच्या तोंडावरची धारदार किनार, वेल्डिंगचा उंचवटा ही कामं झटपट उरकतात. पण आपल्या खिडकीत ती डिस्क शिरतच नाही. शिवाय वेग लक्षात घ्या. मिनिटाला 11,000 फेरे म्हणजे डिस्कची कड सेकंदाला जवळजवळ 57 मीटर धावते. सपाट भागावर हात जरा कलला की चंद्रकोरीसारखा चर पडतो आणि तो घालवायला अख्खा पृष्ठभाग खाली आणावा लागतो. 16 गेजच्या, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या पाइपवर तर जोड साफ करता करता भिंतच पातळ होते. नवीन ग्राइंडर घेणार असाल तर वेग कमी-जास्त करता येणाराच घ्या. स्टेनलेसवर तो फरक लगेच दिसतो, निळा डाग पडत नाही.

ठिणग्यांचं मात्र गांभीर्याने घ्या. पार्किंगमध्ये काम करताना माझ्याकडून ठिणग्यांचा झोत खिडकीच्या काचेवर गेला. काच पुसली तरी खरखर गेली नाही, कारण तापलेले कण काचेत रुतून बसले होते. शेवटी काच बदलावी लागली. तेव्हापासून झोताच्या तोंडाशी पत्रा उभा केल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

आता बेल्ट फाइल. कानशीची जागा खऱ्या अर्थाने घेणारं मशीन हेच. पुढे एक लांब, अरुंद हात असतो आणि त्याच्यावरून पॉलिश पेपरचा पट्टा फिरतो. उदाहरणार्थ, माकिताच्या 9032 मॉडेलचा पट्टा 9 मिमी रुंद आणि 533 मिमी लांब, मोटर 500 वॉट, आणि पट्ट्याचा वेग मिनिटाला 300 ते 1,700 मीटरपर्यंत बदलता येतो. म्हणजे पूर्ण वेगातही सेकंदाला 28 मीटर, ग्राइंडरच्या कडेच्या निम्म्याने. हाताला काय चाललंय ते कळायला वेळ मिळतो तो यामुळेच.

आपल्या खिडकीचे दाते बेल्ट फाइल दहा मिनिटांत खाऊन टाकते. मात्र दोन गोष्टी सांभाळायच्या. मशीनच्या हाताच्या सपाट भागाला, जिथे पट्ट्यामागे पोलादी पट्टीचा आधार असतो, तिथेच जॉब लावायचा. टोकाच्या रोलरवर घासलं की खड्डा पडतो. आणि एका जागी थांबायचं नाही, नाहीतर कड मधे पोटात जाते. ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरली की फट लगेच दिसते. रोलर गोल असल्यामुळे आतला काटकोनी कोपरा मात्र बेल्ट फाइलने निघत नाही, तो शेवटी कानशीनेच काढायचा.

अनेकांची फसगत एका ठिकाणी होते. पट्टा 9 मिमीचा आहे म्हणून 10 मिमीच्या खाचेत मशीनचा हात शिरेल असं वाटतं. पण पट्टा एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूने परत येतो, मधे रोलर असतो. खाचेच्या लांब भिंती घासायच्या असतील तर हाताची पट्ट्यासकट जाडी किती ते बघावं लागतं. दुकानात व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) घेऊन जा, टोकाची जाडी मोजा आणि मगच पैसे द्या.

दुसरी अडचण पट्ट्यांची. इतके अरुंद पट्टे गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. यावर एक सोय आहे: लाकूडकामाच्या बेल्ट सँडरचा 75 बाय 533 मिमीचा पट्टा सहज मिळतो आणि त्याची लांबी नेमकी तीच. मागच्या कापडाला कात्रीने छेद देऊन तो उभा फाडला की आठ पट्टे निघतात. कडेचे सुटलेले धागे कापून टाकायचे. स्टेनलेसवर मात्र हे पट्टे लवकर बोथट होतात, तिथे झिर्कोनिया किंवा सिरॅमिक कणांचा पट्टाच घ्यावा, आणि एमएसवर वापरलेला पट्टा स्टेनलेसला लावू नये. लोखंडाचे कण त्यात दाबले जातात आणि पुढे तिथे गंज धरतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पट्ट्याचा जोड ओल धरून सुटतो. घडी न घालता, डब्यात सुक्या जागी ठेवलेले पट्टे टिकतात.

ग्राइंडरलाच बसणारी बेल्टची जोडणीही मिळते आणि ती ग्राइंडरपेक्षाही स्वस्त पडते. मी एक ऑनलाइन मागवली होती. तिसऱ्या महिन्यात पुढच्या रोलरचं बेअरिंग जाम झालं आणि पट्टा सटकू लागला. तरीही आठवड्यातून तासभर काम असेल तर ती घ्यायला माझी ना नाही, फक्त वेग बदलणाऱ्या ग्राइंडरवर लावा आणि आपल्या ग्राइंडरच्या स्पिंडलचे (डिस्क बसते त्या दांड्याचे) आटे एम10 मापाचे आहेत की एम14 ते आधी तपासा.

डाय ग्राइंडरचं काम वेगळं. 6 मिमी दांड्याचा कार्बाइड बर, म्हणजे दातेरी कापणारं टोक, लावून तो मिनिटाला साधारण 25,000 ते 30,000 फेऱ्यांनी फिरतो. भोकाच्या आत, पाइपच्या तोंडात, दोन पट्ट्यांच्या कोनातल्या वेल्डिंगवर याला तोड नाही. पण आपल्या खिडकीची 80 मिमीची सरळ कड त्याने काढली तर लाटांसारखी होते, कारण बर एका वेळी अगदी थोड्या जागी टेकतो. एमएससाठी आडवे-उभे दाते असलेला डबल कट बर घ्या, ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दात्यांचा वेगळा. डबल कट बरमध्ये ॲल्युमिनियम चिकटून बसतं. लांब दांड्याचा बर पूर्ण वेगात कधीही फिरवू नका, दांडा वाकून भिरभिरतो. आणि याचा कीस म्हणजे अक्षरशः सुया. चष्म्यावर फेस शील्ड हवीच, आणि काम झाल्यावर झाडल्याशिवाय घरात पाऊल नको. लहान मुलं असलेल्या घरात तर मी याचा फार विचार करेन.

हवेवरची बेल्ट फाइल हलकी आणि हाताळायला सुरेख असते, पण घरगुती छोटा कॉम्प्रेसर तिला पुरत नाही. थोडं चालवायचं, मग टाकी भरायची वाट बघायची. कॉम्प्रेसर मोठा असेल तरच तिच्याकडे बघा.

माझा सल्ला असा. फक्त गेट, जाळ्या, ब्रॅकेट अशी फॅब्रिकेशनची कामं असतील तर वेग बदलणारा ग्राइंडर आणि 60 व 80 नंबरच्या फ्लॅप डिस्क पुरतात, पुढे पैसे घालू नका. खिडक्या, खाचा, आतले कोन, चाकूची मूठ, सायकलच्या फ्रेमचे जोड असं काम महिन्यातून दोन-चारदा तरी निघत असेल तर ग्राइंडरच्या कितीतरी पट किंमत मोजूनही बेल्ट फाइल घ्या, ती पैसे वसूल करते. डाय ग्राइंडर तिसरा, जेव्हा भोकातली कामं अडू लागतील तेव्हा.

यातलं काहीही घेतलं तरी रेषेच्या पाव मिलिमीटर अलीकडे मशीन थांबवायचं. उरलेलं दहा इंची सेकंड कट (मध्यम-बारीक दात्यांच्या) सपाट कानशीने काढायचं. चांगली कानस आपल्याकडे सहज मिळते, जेके फाइल्सचा कारखाना रत्नागिरीतच आहे. सोबत दात्यांतला कीस काढायचा तारेचा ब्रश घ्या आणि कानशीला मूठ बसवूनच वापरा, उघडी शेपटी तळहातात घुसते.